धुळ्याहून अमेरिका जवळ पडते

मुंबईपेक्षा धुळ्याहून अमेरिका जवळ आहे. हे वाक्य धुळ्याच्या देवपुरातल्या कुठल्याही टपरीवर मोठ्याने म्हणून बघा. लोक आधी एकमेकांकडे पाहतात, मग चहा सांगतात आणि मग मायेने विचारतात, ‘‘भाऊ, झोप होते ना नीट?’’ पण वाक्य खरे आहे. मुंबईच्या विमानतळापासून न्यू जर्सीतल्या न्यूअर्कपर्यंत पृथ्वीच्या पाठीवरून सरळ रेघ मारली, तर ती भरते सुमारे १२,५५० किलोमीटर. तीच रेघ धुळ्याहून मारली तर १२,४५०. म्हणजे अमेरिकेला निघालेला धुळेकर सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता तुडवून मुंबईला पोहोचतो, तेव्हा तो अमेरिकेपासून शंभरेक किलोमीटर लांब गेलेला असतो. कॅलिफोर्नियावाल्यांचे तर विचारूच नका. सॅन फ्रान्सिस्को मुंबईहून साडेतेरा हजार, धुळ्याहून जेमतेम तेरा हजार दोनशे सत्तर. जागोजागी टोल भरून माणूस जवळजवळ अडीचशे किलोमीटर मागे.

आमच्या गल्लीत हे गणित मांडले ते भूगोलाच्या निवृत्त सरांनी. समोरच्या आप्पांचा मुलगा न्यू जर्सीला नोकरीला निघाला होता आणि आप्पांच्या ओट्यावर त्याच्या प्रवासावर चर्चासत्र भरले होते. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा प्रत्येकाच्या डोक्यात पक्का. त्यात अमेरिका डाव्या हाताला. तेव्हा विमान मुंबईहून निघणार, अरबी समुद्र ओलांडणार, आफ्रिकेवरून जाणार, मग अटलांटिक, मग न्यू जर्सी. मुंबई समुद्राच्या काठावर, म्हणजे अमेरिकेच्या वाटेवर. धुळे आतल्या बाजूला, म्हणजे मागे. यात शंका घेण्यासारखे कुणाला काही वाटले नाही.

सर घरी गेले आणि पृथ्वीचा गोल घेऊन आले. गोल जुना, अंटार्क्टिकाच्या जागी पोचा आलेला, सोव्हिएत रशिया अजून अखंड. अंतर मोजायला आप्पांनी पायजम्याची नाडी देऊ केली. सरांनी ती ताणून पाहिली आणि नाकारली. ‘‘ही लवचीक आहे. हिच्यावर अमेरिका हजार-पाचशे किलोमीटर इकडेतिकडे होईल.’’ शेवटी गोधडी शिवायचा जाड दोरा आला. सरांनी त्याचे एक टोक मुंबईवर दाबले, दुसरे न्यूयॉर्कवर ओढले आणि दोरा ताणला. तो अरबी समुद्रावर राहायलाच तयार होईना. सरकला तो थेट उत्तरेला. पाकिस्तान, अफगाणिस्तान, कास्पियनच्या अलीकडून कझाकस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंडच्या अंगावरून ग्रीनलंडचे खालचे टोक, मग कॅनडा आणि मग वरून खाली अमेरिका. आफ्रिका कुठल्या कुठे राहिली.

‘‘गोल वस्तूवरचा जवळचा रस्ता असाच असतो,’’ सर म्हणाले. ‘‘अमेरिकेचा रस्ता वरून जातो. आणि मुंबईच्या वर कोण आहे?’’

कुणीतरी भीत भीत म्हणाले, ‘‘आपण?’’

दोऱ्यावर बोटाची खूण करून सरांनी टोक धुळ्यावर ठेवले. न्यूयॉर्कचा फरक दोनेक मिलिमीटर आला. आप्पा म्हणाले, दोरा सैल पडला. मग सॅन फ्रान्सिस्को घेतले. तिथे चांगला अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त दोरा उरला. तो उरलेला दोरा सर्वांनी हातात धरून पाहिला. गल्लीत इतका उत्साह त्याआधी फक्त नळाला पाणी आले तेव्हाच दिसला होता.

हवेतला वेळ काढायची रीत एकदम सोपी. दोन विमानतळांमधले सरळ अंतर घ्या, ताशी आठशे-साडेआठशेने भागा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. मुंबई–न्यूअर्कला हिशेबाने पंधरा-सोळा तास येतात आणि विमानालाही साधारण तेवढेच लागतात. पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, जसे २०१९ आणि २०२५ मध्ये केले, तर वळसा पडून तास-दोन तास वाढतात. हीच रीत धुळे–मुंबईला लावली तर सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर, त्याची वीस-एकवीस मिनिटे, वर अर्धा तास. पाऊण तासावर थोडी मिनिटे. हिशेब तयार आहे. धावपट्टीही आहे. फक्त विमान नाही.

म्हणजे तेही आहे. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणे अवघड जाते. धुळ्याच्या वायव्येला गोंदूरला विमानतळ आहे आणि तिथून विमाने रोज उडतात. १९२८ साली स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब, ज्याच्या जुहूच्या मैदानावर शिकून जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, तो मुंबईच्या आकाशात जागा उरली नाही म्हणून पोरांना शिकवायला गोंदूरला आला. तिकडे तापीच्या पल्याड शिरपूरलाही वैमानिक घडवणारी धावपट्टी आहे. त्यामुळे देवपुरात पापड वाळत घालणाऱ्या बाईच्या डोक्यावरून विमान गेले तर ती मानही वर करत नाही. ही छोटी विमाने गोंदूरहून उडतात, गावाभोवती एक चक्कर मारतात आणि गोंदूरलाच उतरतात. पुन्हा उडतात, पुन्हा उतरतात. प्रवासाचे अंतर शून्य, वेळ दिवसभर. उद्या जगभर विमाने चालवणारे वैमानिक इथे घडतात आणि ज्यांच्या गावात घडतात ते मुंबईला जाण्यासाठी संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसबाहेर बॅगेवर बसून गाडीची वाट पाहतात.

निवडणूक आली की गोंदूरहून प्रवासी सेवाही सुरू होते. मतदानाच्या संध्याकाळी ती बंद पडते.

मग कुणीतरी जळगावचे सांगतोच. जळगावला आता खरेखुरे विमान आहे, हे मान्य करताना धुळेकराचा आवाज जरा खाली येतो. राष्ट्रपतिपदी जळगावच्याच प्रतिभाताई पाटील असताना २०१२ मध्ये तिथल्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. मग ‘उडान’ योजना आली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईहून एकोणीस आसनांचे छोटे विमान उतरले तेव्हा ते बघायला विमानात मावतील त्याच्या कितीतरी पट माणसे जमली होती. सेवा सुरू झाली, बंद पडली, दुसऱ्या कंपनीने सुरू केली, पुन्हा बंद पडली. २०२४ पासून गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबईची विमाने सुरू झाली, पंख्याची, सत्तरेक आसनांची. वार बघून जावे लागते.

आता धुळेकराने जळगावहून मुंबईला जायचे ठरवले तर काय होते ते पाहा. मुंबई नैर्ऋत्येला. तो आधी नव्वद किलोमीटर पूर्वेला जातो. पारोळा, एरंडोल करत नागपूरच्या दिशेने. तिथे विमानात बसतो. विमान नैर्ऋत्येला वळते आणि चाळीसगाव-मालेगावच्या आसपास येते तेव्हा उजव्या हाताला, क्षितिजाच्या बाजूला कुठेतरी, तो सकाळी कुलूप लावून निघालेले घर असते. तिकिटाचे पैसे देऊन माणूस स्वतःच्या गावाला बगल देऊन जातो. आणि एक भानगड अजून. जळगावचा विमानतळ कुसुंब्याला. कुसुंबे आमच्या धुळे तालुक्यातही आहे, पण ते सुरतेच्या रस्त्यावर, बरोबर उलट्या दिशेला. रिक्षावाल्याला नुसते ‘कुसुंबा’ सांगण्याआधी जिल्ह्याचे नाव घ्यावे.

आप्पांच्या ओट्यावर हे सगळे पर्याय निकालात निघाले. ओझरचा विचार झाला. नाशिकचा हा विमानतळ आमच्याच रस्त्यावर, पण तिथून मुंबईला उडणे म्हणजे जवळजवळ निम्मे जेवण झाल्यावर ताट बदलणे. रेल्वेचा विचार झाला. एप्रिल २०२३ मध्ये धुळ्याहून दादरला जाणारी गाडी सुरू झाली, सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, पण तिची वेळ मुलाच्या विमानाशी जुळेना. मनमाड–इंदूर लोहमार्गाला केंद्राने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. पण ज्या आबांनी तरुणपणी त्या मागणीच्या निवेदनावर सही केली होती, ते म्हणाले की, मुलाला एवढ्यात निघायचे आहे, तेव्हा क्रूझर गाडीच करा.

सरांनी मध्येच चाळीसगावचे घोडे दामटले. धुळ्याहून छप्पन किलोमीटरवर चाळीसगाव, तिथे मुख्य लोहमार्ग, तिथून मुंबईकडे कितीतरी गाड्या. लांबून जाल पण लवकर पोहोचाल. लोक हसले. ‘‘लांबून जाऊन लवकर कसे पोहोचणार, सर?’’ तेव्हा सरांनी एअर इंडिया काढली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान पूर्वी अटलांटिकवरून जायचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून नेले. अंतर चौदाशे किलोमीटरने वाढून १५,३०० झाले आणि वेळ सुमारे दोन तासांनी कमी झाला. साडेचौदा तासांत विमान पोहोचले. कारण एवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो पाठीवर घेतला की विमान फुकटात पळते. म्हणून तर लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना तासभर कमी.

‘‘म्हणजे पृथ्वी फिरते म्हणून,’’ आप्पा म्हणाले. त्यांच्याकडे एक जुना सिद्धांत होता. विमान नुसते गोंदूरवर उभे वर न्यायचे आणि तिथेच थांबवायचे. पृथ्वी फिरतेच आहे. खाली अमेरिका आली की उतरायचे. पेट्रोल वाचेल, पाकिस्तानची परवानगी नको.

सर म्हणाले, ‘‘आप्पा, हवापण पृथ्वीबरोबरच फिरते. तुम्ही वर बारा तास थांबलात तरी खाली गोंदूरच असणार.’’

‘‘मंग इतला वर जाईसन काय फायदा?’’ आप्पांच्या घरातल्या आजी, जिजी, आतून म्हणाल्या. त्या प्रश्नाला भूगोलात उत्तर नव्हते.

आता निघण्याची वेळ. इथे मात्र रीत वेगळी. विमान रात्री दीडला. तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचे, म्हणजे साडेदहा. धुळे–मुंबई सहा-सात तास, म्हणजे साडेतीनला निघावे. पण कसारा घाटात ट्रक आडवा झाला तर? एक तास. भिवंडीची गर्दी? दीड तास, आणि ती तर होणारच. मालेगावात कुणाची मिरवणूक? अर्धा तास. चांदवडला रेणुकामातेला नारळ फोडल्याशिवाय गाडी पुढे नेणे आत्याबाईंना मान्य नाही. पिंपळगावला जेवण. घोटीला चहा. डोंबिवलीच्या मावशीकडे पाच मिनिटे, म्हणजे तास. आणि वाटेत पंक्चर झाले तर, हे काकांनी म्हटले आणि लगेच ‘नको ते बोलू नका’ म्हणून त्यांना गप्प केले, पण अर्धा तास हिशेबात धरला. सगळे मिळवून, मुहूर्त पाहून, सकाळी साडेनऊ ठरले.

साडेनऊ ते रात्री दीड. सोळा तास. मुलाने मोबाइलवर पाहिले, मुंबई ते न्यूअर्क सोळा तास. अर्धी पृथ्वी आणि लळिंगचा टोलनाका ते सहारचा दरवाजा यांना अगदी एकसारखा वेळ. पहिल्या सोळा तासांत ताशी वीस किलोमीटर, दुसऱ्या सोळा तासांत ताशी आठशे.

बॅगांचेही अंतराशी नाते असते. पुण्याला निघालेल्या मुलाला एक पिशवी मिळते, अमेरिकेला निघालेल्याला घर उचलून मिळते. विमान कंपनीने दोन बॅगांत तेवीस-तेवीस किलोची मुभा दिली होती. आप्पांचे आडतीचे दुकान. त्यांनी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर विश्वास ठेवला नाही. दोन्ही बॅगा दुकानावर नेल्या आणि जिथे मूग-मठ मोजतात त्या काट्यावर चढवल्या. पहिली तेवीस किलो चारशे ग्रॅम. चारशे ग्रॅम काढायचे म्हणून बॅग दुकानातच उघडली. बिबड्या, काळा मसाला, लसणाची चटणी, कळण्याचे पीठ, उडदाचे पापड, भरिताच्या हिरव्या मिरच्या (त्या तिकडे उतरू देत नाहीत म्हणून आधी निघाल्या) आणि सर्वांत खाली, टॉवेलात गुंडाळलेले मांडे भाजायचे खापर. मातीचे. खापराला कुणी हात लावू देईना. शेवटी मुलाचे दोन जाड स्वेटर काढले आणि काटा तेवीसवर आला. हमालाने बॅग उचलताना विचारले, ‘‘शेठ, माल कुठं धाडायचा?’’

गाडी निघाली ती साडेनऊला नाही, अकराला. हे हिशेबात धरलेलेच होते, फक्त उघड बोललेले नव्हते. पुढे क्रूझर, मागे काकांची कार. जायचे एकालाच होते, पोहोचवायला चौदा. लळिंगच्या किल्ल्याला हात जोडून झाले, झोडग्याचे जुने मंदिर गेले, मालेगाव अपेक्षेप्रमाणे अडले. ओझरजवळ रस्त्याकाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची भिंत लागली तेव्हा कारमधून मुलाच्या मामांनी फोन करून क्रूझरमध्ये माहिती दिली की, इथे सुखोई बनते. ‘‘ताशी दोन हजाराच्या वर जाते,’’ ते म्हणाले. क्रूझर त्या वेळी ट्रॅक्टरच्या मागे होती.

कसाऱ्याला सर्वांनी खाली उतरून भजी खाल्ली. मुलाने सहज सांगितले की, सरांच्या हिशेबाने आपण घरी होतो तेव्हा न्यू जर्सीला जास्त जवळ होतो. एकदम शांतता पसरली. मग आत्याबाई म्हणाल्या, ‘‘तवा घरीच ऱ्हातास ना मंग.’’

विमानतळावरचे फार सांगण्यासारखे नाही. दरवाजाशी पाया पडणे झाले, फोटो झाले, हवालदाराने दोनदा पुढे व्हा म्हटले. मुलगा आत गेला, काचेतून हात केला, पुन्हा बाहेर येता येते का ते विचारून आला, येत नाही म्हणाला. चौदा माणसे डोंबिवलीला मावशीकडे झोपायला गेली.

इकडे देवपुरात जिजी जाग्या होत्या. नातीने त्यांना मोबाइलवर विमान दाखवले होते. नकाशावर एक पिवळे विमान, मागे रेघ. जिजींनी चष्मा पुसला. ‘‘कोठलोंग ऊना पोऱ्या?’’ नात म्हणाली, आता समुद्रावर आहे. तासाभराने पुन्हा, ‘‘कोठलोंग ऊना?’’ आता इराणजवळ. जिजींना इराण माहीत होते, तिकडून खजूर येतो. त्यापुढची गावे त्यांना ओळखीची नव्हती, पण विमान सरळ पश्चिमेला न जाता वरवर चालले आहे, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ठामपणे सांगितले की, ड्रायव्हर चुकला आहे. नातीने सरांना हाक मारली. सर गोल घेऊन आले. दोऱ्याचा खेळ पुन्हा झाला. जिजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मंग हाई इमान धुळावरथीन का बरं नही ऊनं?’’

सरांनी गोल मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याचा पोचा चाचपत बसले.

पोहोचवायला गेलेली मंडळी दुसऱ्या दिवशी दहाला डोंबिवलीहून निघाली. रिकाम्या गाडीने नुसते परत येणे कुणालाच पटले नाही. नाशिकला भांडी घ्यायची होती, ती घेतली. इतके आलोच आहोत तर वणीची देवी का सोडायची, म्हणून गडावर गेले. संध्याकाळी पाच-साडेपाचला परत आग्रा रोडला लागून चांदवडच्या अलीकडे आले, तेव्हा आप्पांचा फोन वाजला. अमेरिकेचा नंबर. मुलगा न्यूअर्कला उतरला होता. तिथे त्याच तारखेची सकाळ होती, आठ वाजले होते. सोळा तास उडूनही त्याच्या घड्याळात दीडचे फक्त आठ झाले होते, आणि या हिशेबावर आप्पांनी गाडीतल्या गाडीत दोन वेळा बोटे मोजली.

‘‘पोचलो, आप्पा. सामान आलं. खापर पण आलं.’’

‘‘फुटलं नाही ना?’’

‘‘नाही. तुम्ही पोचले का घरी?’’

‘‘आम्ही चांदवडला आहे,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पुढे मालेगावला जाम आहे म्हणे. तू जेवून घे, आम्हाला उशीर होईल.’’